बिनठोक्याचं खुराडं

या, जरा पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनीही जवळ या, आवाज चढवून सांगावी अशी ही गोष्ट नाही. हिच्यात राजा नाही, शाप नाही, आकाशातून विमानही उतरत नाही. एक माणूस आहे, अंड्यांवर बसलेली एक कोंबडी आहे आणि मूठभर स्क्रू आहेत. एवढ्यात गोष्ट कसली, असं मनात आलं असेल तर ते तिथंच राहू द्या. मी सांगतो, तुम्ही ऐका.

लोंढा स्टेशनाच्या पलीकडं, रूळ ओलांडून गेलं की पंधरा-वीस घरांची एक वाडी लागते. तिथं नागोजी राहतो. रेल्वेत कीमन होता. कीमन म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रूळ जागचे हलू नयेत म्हणून त्यांना चाव्या, क्लिपा बसवलेल्या असतात, दोन रुळांच्या सांध्याला बोल्ट असतात. गाड्या जाऊन जाऊन हे सगळं ढिलं होतं. मग रोज पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून आपल्या वाट्याचा रूळ चालत बघायचा, सुटलेली चावी ठोकून बसवायची, ढिला नट आवळायचा. नागोजीनं हे एकतीस वर्षं केलं. ठोका मारला की आवाजावरून त्याला कळायचं, घट्ट आहे की ढिलं. गोव्याकडं जाणारी माणसं डब्यात झोपलेली असायची ती याच्या भरवशावर, आणि त्यांना ते कधी कळायचं कारण नव्हतं.

अशा या माणसाच्या परसात कोंबड्यांना धड खुराडं नव्हतं.

बायको जयवंता. तिनं सांगून बघितलं, टोमणे मारून बघितले. "अवो, रेल्वेचं समदं आवळून झालं आसंल तर माझ्या कोंबड्यांसाठी बी चार मोळे मारा की." मोळा म्हणजे आमच्याकडचा खिळा. नागोजी म्हणायचा, "व्हय, मारतो." नोकरीत होता तेव्हा वेळ नव्हता आणि निवृत्त झाल्यावर घाई नव्हती. म्हणून रोज दिवस कलला की जयवंता एकेक कोंबडी धरून डालग्याखाली सारायची आणि वर दगड ठेवायची. नागोजी सोप्यात बसलेला असायचा. तो तिथनंच विचारायचा, "कोंडल्यास का गं?" परसातनं उत्तर यायचं, "कोंडल्या." एवढं झालं की तो टीव्हीवर कीर्तन लावायचा. लग्नापासूनचा हा रोजचा सवाल-जवाब. पूजेच्या घंटेसारखा झाला होता, वाजला काय आणि ऐकला काय, मुद्दाम लक्ष कोण देतंय.

यंदा चैत्रात तिची ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली. परसात लाकडं ठेवायची पडवी आहे, दोन भिंती आणि वर कौलं. तिच्या कोपऱ्यात जयवंतानं पाटीत पिंजर पसरून अकरा अंडी ठेवली आणि कोंबडी बसवली. चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर एक रेघ ओढली. रोज एक रेघ, एकविसाव्या रेघेला पिल्लं. मग सोप्यात येऊन नवऱ्यापुढं उभी राहिली.

"ह्या खेपेला पिल्लं डालग्यात ठिवणार न्हाय. मुंगूस फिरतंय परसात. एकवीस दिस हायत तुमच्याजवळ."

"व्हय, करतो."

"तसलं व्हय नको. खरं व्हय म्हणा."

"खरं व्हय."

तिसऱ्या सकाळी तिनं तिसरी रेघ ओढली, आत आली, "जरा बसते" म्हणत चुलीपाशी टेकली आणि उठली नाही.

तिथून पुढचे दिवस नागोजीला सांगता यायचे नाहीत. दिवस होते, पण ते त्याच्या अंगावरून गेले, माणूस रुळाच्या कडेला उभा असताना गाडी जाते तसे. वारा लागला, धूळ उडाली, गाडी गेली. मुलगी दिपाली बोरगावहून आली. नदीवर दहावा झाला. तो सांगतील तिथं बसला, सांगतील तेव्हा उठला. रडला नाही. बायका आपसात म्हणाल्या, आत कोंडून घेतलंय त्यांनी. आत काहीच कोंडलेलं नव्हतं. आत मोकळा यार्ड होता, एकही डबा नसलेला.

तेराव्याला कीर्तन ठेवलं होतं. बुवा गुणी, गळा असा की ऐकणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरावा. देह आणि घर यांचं निरूपण करत होते, बायका पदर डोळ्याला लावत होत्या. नागोजी समोर बसून माईकच्या दांडीकडं बघत होता. दांडीचा आवळायचा स्क्रू ढिला होता. बुवा तल्लीन होऊन पुढं झुकले की माईक बोटभर खाली उतरायचा, बुवा आणखी झुकायचे, माईक आणखी उतरायचा. शेवटी नागोजी उठला, भर निरूपणात पुढं गेला, स्क्रू आवळला, दांडी हलवून बघितली आणि जागेवर येऊन बसला. बुवांनी हात जोडले आणि पुढचा शब्द उचलला. तेवढं कीर्तन त्याच्या लक्षात राहिलं.

या सगळ्या गडबडीत कोंबड्या कोंडायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. लागोपाठ दोन दिवस मुंगसानं दोन नेल्या. उरल्या त्या तिघी आणि कोंबडा आपापली सोय बघून फणसावर चढून बसायला लागले. पडवीतली तेवढी आपल्या जागेवर बसून होती. तिला दाणापाणी शेजारची अक्काताई घालत होती, न सांगता.

दिपाली जाताना म्हणाली, "आप्पा, एकटं कशाला ऱ्हातासा? बोरगावला चला. कोंबड्या द्या कुणाला तरी."

"अंडी हायत खाली."

"पिल्लं आली तरी ती ऱ्हाणार कुठं? मुंगूस एका दिवसात संपवंल."

"खुराडं करतो."

दिपालीनं बापाकडं बघितलं. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती पिशवी उचलून गाडीकडं गेली.

नागोजीला कोंबड्यांचं प्रेम होतं अशातला भाग नाही. त्याला तेव्हा कशाचंच काही नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायचं, झोप आली की झोपायचं. पण 'खरं व्हय' म्हटलं होतं, आणि जयवंतानं हातानं ठेवलेलं जगात आता एवढंच चालू होतं, ती अकरा अंडी. ती फुटून पिल्लं जगली तर जगली. नाही तर मग ते 'व्हय'ही आधीच्या सगळ्या 'व्हय'सारखं.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरच्या फळ्या काढल्या, लोंढ्याच्या दुकानातून जाळी आणली, मोळ्यांचा डबा काढला. पडवीच्या दोन भिंती आयत्या आहेतच. उरलेल्या दोन बाजूंना चौकट, चौकटीला जाळी, एक दार. कोंबडी हलवायची नाही, खुराडंच तिच्याभोवती उभं करायचं. हिशेब चांगला होता. त्यानं पहिली फळी खांबाला लावली, मोळा धरला आणि ठोका मारला. हात बसलेला होता. चार ठोक्यांत मोळा आत. दुसरा घेतला.

तिसऱ्या मोळ्याला कोंबडी किंचाळत उठली. पंख झाडत त्याच्या पायातून सुटली ती थेट कुंपणाशी.

"भावजी." अक्काताई दोन परसांमधल्या दगडी गडग्यावरून डोकावली होती. हातात तांदळाचं सूप तसंच. "काय चाललंय?"

"खुराडं."

"खुडकीच्या उशाला ठोकाठोक?" ती सूप ठेवून वळसा घालून आलीच. "अठरावा दिस हाय. अंड्यातली पिल्लं दचकत्यात. एकदा उठली आणि मन उडालं तिचं, की न्हाय बसत परत. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाय?"

कोण सांगणार होतं? नागोजी हातोडा हातात घेऊन उभा राहिला. एकतीस वर्षं त्यानं ज्याला धोका म्हणून ओळखलं तो ढिलेपणा होता. ठोक्यानं काही बिघडतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

अक्काताईनं एक अंडं उचललं, डोळा मिटला आणि पापणीला लावलं. "ऊब हाय अजून. बघा."

त्यानंही दुसरं घेऊन डोळ्याला लावलं. त्याला ऊब कळेना, गार कळेना. डोळ्याला अंडं लागलंय एवढंच कळलं. तो ते परत ठेवायला वाकला आणि पिंजरात, अंड्यांच्या मधोमध, त्याला लोखंड दिसलं.

नट होता. रुळाच्या सांध्याला लावतात तसला, लिंबाएवढा, झिजून कडा गोल झालेला.

"हे हितं कसं?"

"आभाळ गडगडलं की अंडी नासत्यात. म्हणून लोखंड ठेवायचं खाली. बाकीच्या बाया मोळा ठेवत्यात." अक्काताई पिंजर सारखं करत होती. "जयवंताक्का म्हणायची, माझा नवरा रेल्वेचा, मी मोळ्यावर कशाला भागवू?"

नागोजीनं नट उचलला नाही. त्याला तो ओळखीचा होता. नोकरीच्या सुरवातीच्या वर्षांत एकदा बदललेला जुना नट चुकून सदऱ्याच्या खिशात घरी आला होता. दुसऱ्या दिवशी परत न्यायचा म्हणून बघतो तर नाही. रेल्वेची वस्तू. घरभर शोधलं. जयवंता म्हणाली, "गेला आसंल कुठं तरी." त्यानं जाऊन मुकादमाला कबूल केलं होतं, साहेब, एक नट माझ्याकडनं हरवला. मुकादम पोट धरून हसला होता, भंगारातल्या नटासाठी कबुलीजबाब द्यायला आलाय म्हणून. आणि तेव्हापासून तो नट दर खेपेला अंड्यांखाली होता. किती पिल्लं त्याच्यावर निघाली असतील.

काहीतरी वाटायला हवं होतं. त्यानं वाट बघितली. आटे अजून शाबूत दिसतायत, एवढंच मनात आलं.

अक्काताईनं त्याला हात धरून पडवीबाहेर काढलं. दोघं परसदाराआड उभी राहिली. किती तरी वेळ कोंबडी कुंपणाशी मान वाकडी करून उभी. मग चार पावलं आली, थांबली, एक किडा टिपला, पुन्हा थांबली. शेवटी पाटीत चढली, चोचीनं एक अंडं पोटाखाली ओढलं आणि अंग फुगवून बसली. अक्काताईनं श्वास सोडला. नागोजीनं मारलेले ते मोळे तसेच सोडले आणि हातोडा सोप्यात, खुंटीवर टांगला.

"मग खुराडं?" अक्काताईनं विचारलं.

"ठोक्याबिगर करतो."

"आनी ते कसं?"

"बघतो."

भिंतीवर रेघा होत्या. पहिल्या तीन तिरक्या. पुढच्या सरळ, जवळजवळ. त्या अक्काताईच्या, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं मोजल्या नाहीत, अठरा म्हणजे अठराच असणार.

लोंढ्यात स्क्रू मिळेनात. दुकानदार म्हणाला, मोळे पाहिजे तेवढे घ्या, स्क्रूला बेळगावला जावा. एकोणिसाव्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागोजी बेळगावला गेला. खिडकीशी बसला. आता रूळ लांबच लांब जोडून टाकलेत, सांधे कमी, गाडी पूर्वीसारखी बोलत नाही. त्यालाही बोलायचं नव्हतं, बरंच झालं.

बाजारात लोखंडी सामानाचं एक दुकान, गल्ल्यावर नागराज नावाचा गडी, पस्तिशीचा, तोंड गोड.

"बर्री काका, बर्री, या या. काय पायजे?"

"पाऊण इंची बोल्ट दाव. नटासकट."

"पूल बांधताय काय?"

"कोंबड्यांचं खुराडं."

नागराजनं शेजारी उभ्या गवंड्याकडं बघितलं. "किती किलोची हाय कोंबडी?"

गवंडी हसला. नागोजी हसला नाही आणि रागावलाही नाही. फळीची जाडी त्यानं दोन बोटांत धरून दाखवली. मग त्याचं त्यालाच कळलं, एवढ्या फळीला पाऊण इंची भोक पाडलं तर फळीच उरायची नाही. एकतीस वर्षं डोळ्यांना त्याच मापाची सवय.

"मला ठोकायचं न्हाय," तो म्हणाला. "एक बी ठोका नको. त्येवढं बघून दे."

"मग स्क्रू. हे घ्या, काळे. समदी सुतारं हेच नेत्यात."

नागोजीनं एक काळा स्क्रू घेतला, पक्कड मागितली, टोक धरून वाकवला. स्क्रू कट्कन तुटला. त्यानं दोन्ही तुकडे गल्ल्यावर ठेवले.

"हे कडक हाय, पर वाकत न्हाय. वाकत न्हाय ते तुटतं. आनी आमच्या लोंढ्याच्या पावसात चार महिन्यांत गंजंल."

नागराज आता नीट उभा राहिला. मागून दुसरा डबा काढला, पांढरे, कल्हईसारखे चकचकीत. नागोजीनं तोही वाकवला. वाकला, तुटला नाही. दोन इंची चौकटीला, एक इंची जाळीला.

"जाळीला यू मोळे न्या की, काका. स्क्रूला जाळी कुठं धरणार?"

"त्याला हातोडा लागतो."

"हळू मारा."

"हळू मारून मोळा बसत न्हाय. बसला तर ऱ्हात न्हाय." त्यानं खोक्यांवरून नजर फिरवली. "पसरट वायसर हायत? रुंद? स्क्रूखाली घातलं की जाळी दाबून धरंल."

नागराजनं वायसर ओतले. रुपयाच्या नाण्याहून मोठे. जाळीच्या दोन-दोन घरांना दाबतील असे. नागोजीनं एक जाळीच्या तुकड्यावर ठेवून बघितला आणि मान हलवली.

"भोकं पाडायला मशीन देतो भाड्यानं. एका तासात काम."

"आवाज?"

"मशीन म्हटल्यावर आवाज होणारच की."

"मग गिरमिट दे. हातानं फिरवायचं."

"गिरमिट," नागराज म्हणाला, जुन्या नातेवाईकाचं नाव ऐकल्यासारखं. मग माळ्यावर चढला आणि वडलांच्या वेळचं एक धूळ खात पडलेलं काढून आणलं. "हे इकायचं न्हाय. न्या, काम झाल्यावर परत द्या. आनी दाराला? आकडा देऊ?"

"आकडा मुंगूस उचलतं."

"मुंगसाला हात न्हाईत, काका."

"नाक हाय."

कडी निवडायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. नागोजीनं पाच-सहा कड्या सरकवून बघितल्या. शेवटी खटका असलेली घेतली, सरकवून खाली वळवायची, खाली वळली की नाकानं सरकत नाही. नागराज पुड्या बांधता बांधता म्हणाला, "काका, खुराड्यासाठी येवढं बारकाव्यानं कुणी बघत न्हाय. कुणी सांगितलंय असं करायला?"

"मंडळींनी."

"मग त्यास्नीच आणायचं की संगं. पसंत करून गेल्या असत्या."

नागोजी पिशवीत पुड्या ठेवत होता. "व्हय," तो म्हणाला. "आल्या असत्या."

नागराजच्या हातातली सुतळी थांबली. त्यानं चार वायसर जास्तीचे टाकले आणि स्वतः उठून पायरीपर्यंत पिशवी आणून दिली.

विसाव्या दिवशी उजाडल्यापासून नागोजी कामाला लागला. फळ्या अक्काताईच्या अंगणात नेऊन कापल्या, कोंबडीपासून लांब. पडवीत आल्यावर अनवाणी. गिरमिट फिरवून भोक पाडायचं, स्क्रू साबणाच्या वडीवर घासायचा म्हणजे लाकडात कुरकुरत नाही, मग पेचकसानं फिरवत न्यायचा. एकेक स्क्रू मिनिट-मिनिट खात होता. कोंबडी एका डोळ्यानं बघत होती. तो तिच्याकडं बघत नव्हता. दोघांचं बरं चाललं होतं.

दुपारी एक स्क्रू हातातून निसटला. त्यानं सगळं थांबवलं. चकचकीत काही दिसलं की कोंबड्या टिपतात, आणि टिपलेलं लोखंड पोटात गेलं की संपलं, हे अक्काताईनं बजावलं होतं. तो गुडघ्यावर बसून पिंजर, भुसा बोटांनी चाळत राहिला. अक्काताई दाणे घालायला आली तर हा असा.

"काय हरवलं?"

"स्क्रू. एक."

"एकासाठी येवढं?"

"एकच सुटतो," नागोजी म्हणाला. "तेवढा पुरतो."

अक्काताईही गुडघ्यावर बसली. स्क्रू सापडला तो कोंबड्यानं उकरलेल्या मातीत. नागोजीनं तो पुसला, साबण लावला आणि त्याच्या भोकात बसवला. दिवस कलायच्या आत दार लागलं. त्यानं चौकट धरून हलवली. हात आपसूक हातोड्यासाठी खांद्याकडं गेला, ठोकून ऐकायची सवय. हातोडा खुंटीवर होता. मग त्यानं तळहात लाकडावर ठेवला आणि नुसता दाबून बघितला. घट्ट होतं. हे असंही कळतं तर.

एकविसाव्या पहाटे तो नेहमीच्या वेळेला जागा झाला, कीमनच्या वेळेला. नोकरी सुटली तरी ती वेळ सुटलेली नव्हती. उठून परसात गेला. कडी काढली, वाकून आत शिरला. कोंबडी हलली नाही. त्यानं हात तिच्या पोटाखाली घातला, जयवंता घालायची तसा, आणि एक अंडं काढलं. पापणीला लावलं. ऊब कळते का बघितलं. नीट कळेना. मग, का कुणास ठाऊक, त्यानं ते कानाला लावलं.

ठक.

तो थांबला. श्वासही थांबवला.

ठक. ठक.

बारीक, पण नेमका. एका जागी मारलेला, मग जरा दम, मग परत त्याच जागी. हा आवाज नागोजीला जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगला ओळखता येत होता. आतून कुणी तरी ठोकत होतं. त्यानं आदल्या दिवसभरात एकही ठोका मारला नव्हता, आणि इथं पहाटेच्या पाळीला कुणी तरी कामावर आलं होतं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, असं मी सांगणार नाही. आलं नाही. तो खाली मातीत बसला, अंडं परत कोंबडीखाली सारलं आणि उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिला. सूर्य वर आला तेव्हा त्याला चहा हवासा वाटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काही तरी हवंसं वाटलं होतं. आत जाऊन त्यानं चूल पेटवली. विझलेला एक कोळसा घेतला, पडवीत आला आणि भिंतीवर रेघ ओढली. एकविसावी. जाड आली, त्याला सवय नव्हती.

संध्याकाळपर्यंत सहा पिल्लं निघाली, दुसऱ्या दिवशी चार. अकरावं अंडं गारच राहिलं. ते त्यानं फणसाच्या मुळाशी पुरलं. नट पाटीतून काढला, फडक्यानं पुसला आणि पडवीच्या कोनाड्यात कोळशाशेजारी ठेवला. रेल्वेला परत द्यायचा विचार मनात येऊन गेला. पण पुढच्या खेपेला लागणार होता.

दिपालीचा फोन आला. "आप्पा, मग कधी येतासा?"

"पिल्लं पंखात येऊ देत."

"म्हंजे खुराडं झालं?"

"झालं."

"आई..." एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी कलत्या उन्हात नागोजीनं तांदूळ दाखवून फणसावरच्या तिघींना आणि कोंबड्याला आत घेतलं. ठिपक्यांची कोंबडी पिल्लांवर पंख पसरून कोपऱ्यात बसली होती. त्यानं कडी सरकवली, खटका खाली वळवला, एकदा ओढून बघितला. सोप्यात येऊन आपल्या जागी बसला. आणि बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की काहीतरी व्हायचं राहिलंय. विचारणारा तोच होता. आता कोंडणाराही तोच. मधली जागा रिकामी होती. टीव्ही त्यानं लावला नाही.

गडग्यापलीकडून भांड्याचा आवाज आला. मग अक्काताईचा, नेहमीच्या कामाच्या सुरात.

"भावजी, कोंडल्यासा का?"

नागोजीला उत्तर द्यायला वेळ लागला. शब्द माहीत होता, पण तो त्यानं आजवर कधी बोललेला नव्हता, नुसता ऐकलेला होता.

"कोंडल्या," तो म्हणाला.

एवढीच गोष्ट. आता आपापल्या घरी जा, अंधार पडायच्या आत पोचा. पण एक मागणं आहे, ते घेऊन जा. वाटेत कुठल्या परसात कुणी कुणाला असं विचारताना कानावर पडलं, तर क्षणभर पाय थांबवा आणि जयवंताची आठवण काढा. तीन रेघा ओढून गेलेली ती बाई.